शिंगातलं खत आणि सतरा एकरांचं नाव : फ्रान्सच्या ‘कुले द सेराँ’ची गोष्ट

दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यांत वाईनच्या द्राक्षाची बाग लावलेल्या शेतकऱ्याला ‘शेनिन ब्लाँ’ हे नाव नवीन नाही. आपल्याकडे कुणी चेनिन म्हणतं, कुणी नुसतं ‘शेनिन’. पांढऱ्या वाईनची ही जात नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिक भागात रुजली आणि टिकली. पण तिचं मूळ गाव कुठलं आणि तिथला शेतकरी तिच्याकडून काय काढतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

तिचं मूळ गाव म्हणजे फ्रान्समधलं लुआर नदीचं खोरं. त्या खोऱ्यात आँझे शहराजवळ साव्हनिएर नावाचं छोटं गाव आहे. तिथे नदीकाठच्या उतारावर सात हेक्टरची, म्हणजे आपल्या हिशोबाने सतरा एकरांची, एक बाग आहे. नाव ‘कुले द सेराँ’. या सतरा एकरांतली एक बाटली साधारण शंभर युरोच्या घरात, म्हणजे नऊ-दहा हजार रुपयांना जाते. जात तीच, शेनिन. मग फरक कशाचा? जमिनीचा, हवामानाचा, नावाचा की कष्टाचा? हे समजून घ्यायचं तर त्या शेताची आणि ते कसणाऱ्या जोली कुटुंबाची गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते.

साधूंनी लावलेली बाग

या उतारावर पहिल्यांदा वेल लावले ते सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी, ११३० च्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा यादवांचं राज्यही नीट उभं राहिलेलं नव्हतं. तेव्हापासून या जमिनीत द्राक्षाशिवाय दुसरं पीक घेतलं गेलं नाही, असं हे कुटुंब सांगतं. शेजारच्या खडकाळ उंचवट्याला आजही ‘रोश ओ मुआन’, म्हणजे साधूंचा खडक, असंच नाव आहे. १२१४ साली इंग्लंडचा राजा जॉन आणि फ्रान्सचा राजपुत्र लुई यांच्या फौजा याच खडकापाशी समोरासमोर आल्या होत्या आणि जॉनला माघार घ्यावी लागली होती.

जमीन म्हणाल तर भारी काळी नाही. पाटीच्या दगडासारखा थरांचा खडक आणि वर मातीचा पातळ थर. उतार इतका तीव्र की काही भागात ट्रॅक्टर घालणं धोक्याचं. खाली लुआर नदी असल्याने हवा खेळती राहते. आपल्याकडे असं रान बघून कुणी म्हणेल, इथे काय पिकणार? पण वाईनच्या द्राक्षाला सुपीक रान फार मानवत नाही. वेल नुसता पाल्यावर जातो, घड मोठे होतात आणि रस पातळ होतो. खडकात मुळं खोल जातात, मणी लहान राहतो आणि रसात चव उतरते. साधूंना माती परीक्षण माहीत नव्हतं, पण कुठल्या उतारावर द्राक्ष चांगलं पिकतं हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघून ठरवलं होतं.

आई, मुलगा आणि बँकेची नोकरी

जोली कुटुंबाने ही जागा १९६२ च्या सुमारास घेतली. वडील पेशाने शल्यचिकित्सक. शेतीचा भार हळूहळू आईवर, दनीज जोली यांच्यावर आला. पडत चाललेली बाग त्यांनी उभी केली.

मुलगा निकोला जोली मात्र शेतीत नव्हता. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातून व्यवस्थापनाचं शिक्षण, मग जे. पी. मॉर्गन या मोठ्या बँकेत नोकरी, आधी न्यूयॉर्क, पुढे लंडन. आपल्याकडच्या भाषेत ‘पोरगं सेटल झालं’ म्हणावं असं. पण १९७७ साली तो नोकरी सोडून घरी परतला आणि आईच्या हाताखाली शेती करू लागला.

इथे आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. नाशिकमध्ये सुला सुरू करणारे राजीव सामंतही अमेरिकेत ओरॅकल कंपनीतली नोकरी सोडून आले होते आणि त्यांनीही सुरुवातीच्या लागवडीत शेनिन ब्लाँच घेतली. पुढे दोघांचे रस्ते वेगळे झाले. सुला हजारो एकरांच्या करारशेतीतून वाढली, तर जोली आपल्या छोट्या शेतावरच थांबले.

कृषी सल्लागार आला आणि माती बदलली

निकोला शेतात उतरले तेव्हा फ्रान्समध्ये रासायनिक शेतीचा जोर होता. कृषी खात्याचा सल्लागार आला आणि त्याने सांगितलं, की तुमच्या आईची पद्धत चांगली असली तरी जुनी झाली. तणनाशक मारा, मजुरीचा एवढा पैसा वाचेल. बँकेतून आलेल्या माणसाला हा हिशोब लगेच पटला. त्यांनी तणनाशक आणि इतर औषधं सुरू केली.

दोन वर्षांत फरक दिसला, पण उलटा. मातीचा रंग बदलला. किडे दिसेनासे झाले आणि बागेत असणारे तितरही गेले. निकोला जोली हा अनुभव स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगत आले आहेत. अशा वेळी त्यांच्या हाती ‘बायोडायनॅमिक’ शेतीवरचं एक पुस्तक आलं. १९८० मध्ये त्यांनी थोड्या भागात प्रयोग केला आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळी बाग त्या पद्धतीवर नेली.

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी हे अनुभवलं असेल. तणनाशक मारलं की पहिल्या वर्षी हायसं वाटतं. निंदणीच्या बायका मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, हे खरंच आहे. पण पाच-सात वर्षांनी गांडूळ शोधूनही सापडत नाही.

शिंगात भरलेलं शेण

बायोडायनॅमिक शेतीची कल्पना मांडली ती रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने. जमिनीचा कस जातोय, जनावरं आजारी पडताहेत, अशी तक्रार घेऊन काही शेतकरी त्याच्याकडे गेले होते. त्यांच्यासाठी १९२४ साली त्याने व्याख्यानं दिली. स्टायनर स्वतः शेतकरी नव्हता. दुसऱ्याच वर्षी तो वारला, पण पद्धत पसरली.

यातला सर्वात गाजलेला भाग म्हणजे शिंग खत. गाईच्या शिंगात ताजं शेण भरायचं, हिवाळ्यात जमिनीत पुरायचं आणि वसंतात काढायचं. तोवर त्याचं वास नसलेलं, भुसभुशीत, काळं खत होतं. यातलं एकराला मूठभर घ्यायचं, कोमट पाण्यात तासभर ढवळायचं, एकदा या बाजूने भोवरा करायचा, एकदा त्या बाजूने, आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचं. दुसरा प्रकार गारगोटीच्या पिठाचा. तो शिंगात भरून उन्हाळाभर पुरतात आणि सकाळी पानांवर अगदी विरळ फवारतात. शिवाय कामाच्या तारखा चंद्र आणि ताऱ्यांच्या स्थितीवर ठरवायच्या.

फ्रान्समध्ये हे ऐकून लोक हसले. आपल्याकडे मात्र मृग आणि रोहिणी बघून पेरणी करणाऱ्याला, पंचांग काढून नांगर धरणाऱ्याला यात फार नवल वाटणार नाही. महाराष्ट्रात सेंद्रिय शेती करणाऱ्या बऱ्याच शेतकऱ्यांना ‘शिंग खत’ ठाऊक आहे, काही जण ते करतातही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिंगातल्या शेणाने किंवा चंद्राच्या तारखांनी पिकात फरक पडतो, याचा खात्रीशीर पुरावा शास्त्रज्ञांना मिळालेला नाही. मूठभर खताने एकराला अन्नद्रव्यं पुरणार नाहीत, हे साध्या हिशोबानेही कळतं. मग अशा बागा चांगल्या का दिसतात? एक सरळ कारण असं, की ही पद्धत धरणारा शेतकरी तणनाशक मारत नाही, कंपोस्ट टाकतो, जनावरं पाळतो, आणि मुख्य म्हणजे रोज बागेत असतो. जोलींच्या शेतावर गाई आहेत, मेंढ्या आहेत, तीव्र उतारावर घोड्याने नांगरणी होते. शिंगाचं श्रेय किती आणि या सगळ्याचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

औषधं अजिबात नाहीत असंही नाही. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक बागेतही डाऊनी आणि भुरीसाठी तांबं आणि गंधक चालतं. तांब्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपण ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो, मोरचूद आणि चुन्याचं, ते फ्रान्सच्याच बोर्डो भागातलं. रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून तिथले शेतकरी वेलांवर हे निळं पाणी शिंपडायचे. शिंपडलेल्या वेलांवर डाऊनी येत नाही हे एका प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ च्या सुमारास औषध म्हणून ते जगासमोर आलं.

एकाच बागेत चार-पाच वेळा तोडणी

आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि नंतरची फळछाटणी. लुआरमध्ये थंडीत वेल पूर्ण झोपतो, त्यामुळे छाटणी एकच, हिवाळ्यात. एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माल तयार होतो. आपल्याला जशी फुलोऱ्यात अवकाळी आणि गारपिटीची भीती, तशी त्यांना एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर पडणाऱ्या दहिवराची. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर अशी थंडी पडली, की द्राक्षासह फळबागांचं प्रचंड नुकसान झालं. रात्रभर बागेत मेणाच्या बादल्या पेटवून शेतकरी जागले होते.

कुले द सेराँमध्ये तोडणी एकदम होत नाही. तीन-चार आठवडे चालते आणि त्याच ओळीतून माणसं चार-पाच वेळा जातात. प्रत्येक वेळी फक्त पिकलेलं घ्यायचं. सोनेरी पिवळा झालेला, थोडा सुकू लागलेला मणी त्यांना हवा असतो. काही मण्यांवर चांगल्या प्रकारची बुरशी येते, ती पाणी शोषून गोडवा वाढवते. त्यातलाही थोडा माल वाईनमध्ये जातो.

शेनिनचा मोठा गुण म्हणजे तिची आंबट धार. साखर चढली तरी आम्ल टिकून राहतं. म्हणून लुआरमध्ये याच एका जातीची कोरडी वाईनही होते, गोडही आणि फेसाळणारीही. म्हणूनच ती वर्षानुवर्षं बाटलीत टिकते. नाशिकच्या उन्हात हे आम्ल लवकर उतरतं. त्यामुळे आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत साखरेबरोबर आम्लाचाही आकडा बघून माल लवकर तोडतात, बरेच जण पहाटे किंवा रात्री तोडतात. आपली शेनिन ताजी, हलकी आणि वर्ष-दोन वर्षांत प्यायची. जोलींची शेनिन दहा-वीस वर्षं ठेवायची. जात एक असली तरी हवामान बदललं की मालही बदलतो.

तळघरातलं काम त्या मानाने साधं आहे. बाहेरून यीस्ट टाकत नाहीत, मण्यांवर असतं त्यावरच रस आंबतो. पिंपं लाकडाची, पण जुनी, कारण नव्या लाकडाचा वास वाईनवर चढतो. जोलींचं म्हणणं असं, की शेतात काम नीट झालं तर तळघरात काही करायची गरज पडत नाही. वाईन फार थंड करू नका आणि बाटली पिण्याच्या एक दिवस आधी उघडून ठेवा, असंही ते सांगतात.

एकरी दीड टन

आता आकड्यांकडे येऊ. या बागेचं उत्पादन हेक्टरी २० ते २५ हेक्टोलिटर असतं. आपल्या हिशोबाने एकरी ८०० ते १,००० लिटर वाईन. एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं लागतात असं धरलं तर एकरी माल झाला सव्वा ते दीड टन. सगळ्या सतरा एकरांत मिळून वर्षाला वीस हजारांच्या आसपास बाटल्या.

खायच्या द्राक्षाचा आपला शेतकरी एकरी दहा टनांची भाषा बोलतो. वाईनच्या द्राक्षातही आपल्याकडे दीड टनावर कुणाचं घर चालणार नाही. आणि इथेच मुख्य मुद्दा आहे. जोलींना दीड टन परवडतो, कारण ते द्राक्ष विकत नाहीत. ते स्वतः पिकवतात, स्वतः वाईन करतात आणि स्वतःच्या शेताच्या नावाने विकतात. भाव किलोवर ठरत नाही. आपला करारशेतीतला शेतकरी किलोवर पैसे घेतो. त्याला ‘माल कमी काढ, चव चांगली येईल’ असं सांगणं म्हणजे त्याच्या खिशातून पैसे काढणं आहे. त्यासाठी दर वाढवून द्यावा लागतो, साखरेच्या आणि प्रतीच्या आकड्यावर बांधून द्यावा लागतो.

नावाला कायद्याचं कुंपण

फ्रान्समध्ये १९३५ पासून वाईनच्या गावांच्या नावांना कायद्याचं संरक्षण आहे. कोणत्या शिवारातली द्राक्षं, कोणती जात, हेक्टरी किती माल, हे सगळं ठरलेलं. साव्हनिएरला असं नाव १९५२ मध्ये मिळालं. कुले द सेराँला तर स्वतःचं वेगळं नाव आहे. म्हणजे एक अख्खी नोंदणी आणि तिच्यात शेतकरी एकच. असं फ्रान्समध्येही अगदी मोजक्या ठिकाणी आहे.

आपल्याकडेही ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे. पण ते मोठ्या प्रदेशाचं. एखाद्या गावाच्या, एखाद्या टेकडीच्या नावाने वाईन विकण्यापर्यंत आपण अजून पोचलेलो नाही.

या नावाला मोठेपण आलं त्याला एक लेखकही कारणीभूत आहे. क्युर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रान्सच्या प्रसिद्ध खाद्यलेखकाने देशातल्या पाच सर्वश्रेष्ठ पांढऱ्या वाईन निवडल्या, त्यात कुले द सेराँ होती. बाकीच्या चार म्हणजे माँराशे, शातो दिकेम, शातो ग्रिये आणि शातो शालाँ. हा लेखक मूळचा आँझेचाच, म्हणजे शेजारगावचा. त्यामुळे थोडं गावप्रेम असणारच.

वाटण्या झाल्या तर?

पण नाव मोठं झालं की जमिनीची किंमत वाढते आणि घरात प्रश्न सुरू होतात. हे फ्रान्समध्येही तसंच आहे. नेपोलियनच्या कायद्यापासून तिथे सगळ्या मुला-मुलींना वाटा मिळतो. न्याय म्हणून ते योग्यच. पण शेताचे तुकडे पडतात.

बरगंडी भागातलं ‘क्लो द वुजो’ हे उदाहरण बघा. हीसुद्धा याच सिस्टर्शियन साधूंची बाग, चहूबाजूंनी दगडी भिंत घातलेली, पन्नास हेक्टरची. १८८९ पर्यंत ती एकसंध होती. नंतर विकली गेली, वाटली गेली, आणि आज भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाकडे काही ओळीच. बाटलीवर नाव एकच, पण चव ज्याची त्याची.

दुसरा धोका मोठ्या भांडवलाचा. वरच्या पाचांपैकी शातो दिकेम दोनशेहून जास्त वर्षं ल्युर-साल्युस घराण्याकडे होती. नव्वदच्या दशकात घरातल्या वारसांमध्ये मतभेद झाले, बऱ्याच जणांनी हिस्से विकले आणि १९९९ पर्यंत ताबा महागड्या वस्तूंच्या एका बड्या उद्योगसमूहाकडे गेला. शातो ग्रिये हीसुद्धा एकाच कुटुंबाची छोटी बाग होती. २०११ मध्ये ती अब्जाधीश फ्रांस्वा पिनो यांच्या समूहाने घेतली.

कुले द सेराँ अजून घरात आहे. निकोला यांची मुलगी व्हिर्जिनी आता बाग आणि तळघर सांभाळते. आजीने उभी केलेली, वडिलांनी वळण दिलेली शेती नात चालवते आहे. ‘वंशाला दिवा’ म्हणत मुलाचीच वाट बघणाऱ्या आपल्या भागात हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही.

टीकाही आहे

सगळं गोड-गोड आहे असं नाही. निकोला जोली आपल्या मतांबाबत फार आग्रही आहेत, काहींना ते प्रवचन वाटतं. वाईनबद्दलही जाणकारांत दोन तट आहेत. कुणाला ती अप्रतिम वाटते, तर कुणी म्हणतं की काही वर्षांच्या बाटल्या एकसारख्या निघत नाहीत, हवा लागून लवकर उतरतात. एवढे पैसे मोजून बाटली फसली तर गिऱ्हाईक नाराज होणारच. कमीत कमी हस्तक्षेपाच्या पद्धतीत ही जोखीम असते.

तरी त्यांचा परिणाम मोठा झाला. २००१ मध्ये त्यांनी अशा पद्धतीने शेती करणाऱ्यांची एक संघटना उभी केली, आज तिच्यात अनेक देशांतले वाईन शेतकरी आहेत. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना वेड्यात काढलं, त्यांच्या शेतावर आता लोक शिकायला येतात.

आपल्यासाठी काय?

२००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी उत्साहाने वाईनची जात लावली. २००८-०९ नंतर मागणी घसरली, माल उचलायला कुणी येईना आणि कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. ज्यांनी ते भोगलं, त्यांना फ्रान्सच्या गोष्टी सांगताना जपून सांगाव्या लागतात. सतरा एकर, नऊशे वर्षांचं नाव आणि शंभर युरोची बाटली हे उद्या दिंडोरीत होणार नाही. आणि वाईन म्हणजे शेवटी दारूच आहे, तिचे तोटे आहेत, हेही विसरून चालणार नाही.

तरीही तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. करार करताना दर नुसत्या वजनावर न ठेवता प्रतीवर बांधून मागा आणि तो कागदावर घ्या. तणनाशकाचा हिशोब करताना वाचलेल्या मजुरीच्या बाजूला मातीचंही खातं धरा. थोड्या ओळींत आधी प्रयोग करा, जोलींनीही एकदम सगळी बाग बदलली नव्हती. आणि घरात वाटणीचा विषय निघाला, तर सातबारा वेगळे झाले तरी बाग एकत्र कसता येईल का, हे भांडण सुरू होण्याआधी बसून बोला. शातो दिकेमच्या वारसांकडे पैशाची कमी नव्हती, तरी ते त्यांना जमलं नाही.